प्रवासी घटले, तरी विमानाचे भाडे का उतरत नाही?

प्रश्न : मंडईत गिऱ्हाईक नसले की संध्याकाळी भाजीवाला मेथीची जुडी निम्म्या भावात देऊन मोकळा होतो. विमानातली रिकामी जागाही, उड्डाण झाले की, त्या मेथीसारखीच वाया जाते. असे असताना टाळेबंदीनंतर, मे २०२०च्या अखेरीस, मला घरगुती अडचणीमुळे मुंबईहून दिल्लीला जावे लागले, तेव्हा विमानतळ ओस पडलेला होता आणि तिकीट मात्र नेहमीपेक्षा महाग पडले. प्रवासी नसतील तर विमान कंपन्या दर कमी करतात, हा समज चुकीचा आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपली मेथीची उपमा चांगली आहे, पण ती एकाच संध्याकाळपुरती खरी आहे. त्या संध्याकाळी भाजीवाल्याकडे माल आलेला असतो, म्हणून तो भाव पाडतो. सलग चार दिवस गिऱ्हाईक फिरकले नाही, तर पाचव्या दिवशी पहाटे तो मार्केट यार्डातून दहाऐवजी तीनच पेंढ्या उचलतो आणि मग भाव पाडण्याची वेळच त्याच्यावर येत नाही. विमान कंपनीचेही असेच असते. मागणी थोडी आणि थोड्या काळासाठी घटली तर दर उतरतात; ती कोसळली आणि लवकर सावरण्याची चिन्हे नसली, तर कंपनी आधी फेऱ्या कमी करते, आणि उरलेल्या फेऱ्यांचे दर फारसे खाली येत नाहीत.

आपल्या त्या प्रवासाच्या बाबतीत मात्र आणखी एक गोष्ट घडली होती, आणि ती अनेकांच्या लक्षात आलेली नाही. त्या दिवसांत स्वस्त तिकीट विकायला कंपन्यांना सरकारनेच मनाई केली होती. १९९४मध्ये सरकारी विमान कंपन्यांची मक्तेदारी राखणारा एअर कॉर्पोरेशन्स कायदा रद्द झाल्यापासून आपल्याकडे देशांतर्गत भाडे ठरवण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांकडे आले. २५ मार्च २०२० रोजी देशांतर्गत उड्डाणे थांबली आणि २५ मे रोजी पुन्हा सुरू झाली, तेव्हा नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने प्रवासाच्या वेळेनुसार मार्गांचे सात गट पाडले आणि प्रत्येक गटासाठी कमाल व किमान अशा दोन्ही मर्यादा घातल्या. चाळीस मिनिटांच्या आतल्या प्रवासाला किमान २,००० आणि कमाल ६,००० रुपये, मुंबई-दिल्लीला किमान ३,५०० आणि कमाल १०,००० रुपये, आणि यावर विमानतळाची शुल्के व कर वेगळे, अशी ती रचना होती. चाळीस टक्के जागा या दोन टोकांच्या मध्याहून कमी दरात, म्हणजे मुंबई-दिल्लीसाठी साधारण पावणेसात हजारांच्या आत, विकण्याचे बंधनही होते. कमाल मर्यादा प्रवाशाच्या रक्षणासाठी होती हे उघड आहे. किमान मर्यादा मात्र कंपन्यांच्या रक्षणासाठी होती, कारण मोठ्या गंगाजळीची एखादी कंपनी हजार-बाराशेत तिकिटे विकू लागली असती, तर आधीच मोडकळीस आलेल्या बाकीच्या कंपन्या त्या स्पर्धेत टिकल्या नसत्या.

त्याच वेळी सरकारने कंपन्यांना आपल्या नेहमीच्या उड्डाणांपैकी फक्त एकतृतीयांश उड्डाणे करण्याची मुभा दिली होती. मुंबईपुरते तर राज्य सरकारने पहिल्या दिवसांत रोज केवळ २५ उड्डाणे आणि २५ आगमने मान्य केली होती. एकाच वेळी एकच धावपट्टी वापरूनही जगातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांत जो गणला जातो, तिथली ही स्थिती होती. म्हणजे ओस विमानतळ पाहून ‘मागणी नाही’ असा जो निष्कर्ष आपण काढला, तो पूर्ण बरोबर नव्हता. मागणी घटली होती यात शंका नाही, पण पुरवठाही आवळलेला होता, आणि अडकून पडलेले विद्यार्थी, मजूर, रुग्ण, बदलीवर निघालेले नोकरदार असे ज्यांना जावेच लागणार होते, त्यांची गर्दी त्या मोजक्या फेऱ्यांवर होती.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत जे झाले ते याहूनही बोलके आहे. एप्रिल २०२१मध्ये देशांतर्गत विमान प्रवाशांची संख्या सुमारे ५७ लाख होती. मे महिन्यात ती २१ लाखांच्या आसपास आली. एका महिन्यात साठ टक्क्यांहून अधिक घट! पाठ्यपुस्तकातल्या मागणी-पुरवठ्याच्या आलेखानुसार दर कोसळायला हवे होते. प्रत्यक्षात १ जून २०२१पासून सरकारने उड्डाणांची मर्यादा ८० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणली आणि किमान भाडे १३ ते १६ टक्क्यांनी वाढवले. कमाल भाडे तेवढेच राहिले. भाड्यांवरची ही बंधने पूर्णपणे उठायला ३१ ऑगस्ट २०२२ उजाडला.

आता सरकारी बंधन बाजूला ठेवू आणि कंपनीच्या हिशेबाच्या वहीत डोकावू, कारण आपल्या प्रश्नाचे खरे मर्म तिथे आहे. समजण्यासाठी काही गोल आकडे घेतो. ते कोणत्याही कंपनीचे खरे आकडे नाहीत. समजा, १८० जागांच्या विमानाच्या एका फेरीला सहा लाख रुपये खर्च येतो. इंधन, वैमानिक आणि कर्मचारी, उतरण्याचे शुल्क, देखभाल, विमानाचे भाडे हे सगळे त्यात आले. विमानात दहा माणसे असोत की पावणेदोनशे, या खर्चात फारसा फरक पडत नाही. सकाळच्या आणि दुपारच्या अशा दोन फेऱ्या असताना प्रत्येकीत साठच प्रवासी आले आणि प्रत्येकाने ५,००० रुपये दिले, तर एका फेरीचे उत्पन्न तीन लाख, म्हणजे तोटाही तीन लाख. आता कंपनीने दर निम्मा करून २,५०० रुपये केला, तर निव्वळ पूर्वीइतकेच तीन लाख मिळवायला तिला साठाचे एकशेवीस प्रवासी करावे लागतील. माणसे खर्चामुळे घरी बसली असतील तर तेवढी येतीलही. ती आजाराच्या धास्तीने, पोहोचल्यावर चौदा दिवस विलगीकरणात बसावे लागेल म्हणून, किंवा ज्या लग्नाला जायचे तेच रद्द झाले म्हणून घरी बसली असतील, तर दर निम्मा केल्याने साठाची फार तर पासष्ट होतील आणि उत्पन्न एक लाख साडेबासष्ट हजारांवर येईल. कंपनीपुढे दुसरा मार्ग असा आहे की दुपारची फेरी रद्द करावी, तिचे साठ प्रवासी सकाळच्या विमानात बसवावेत आणि दर ५,०००च ठेवावा. एकशेवीस प्रवाशांचे सहा लाख होतात आणि फेरीचा खर्च निघतो. या दोन मार्गांपैकी कंपनी कोणता निवडेल, हे सांगायला अर्थतज्ज्ञाची गरज नाही.

दर उतरवल्याने गिऱ्हाईक वाढते ते केव्हा, तर गिऱ्हाईक दरामुळे थांबलेले असते तेव्हा. आपल्याकडे पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरच्या मंदीच्या दिवसांत, कंपन्या सवलतीच्या जाहिराती करतात, आणि मुंबई-गोवा तिकीट नाताळातल्या दराच्या कितीतरी खाली मिळते. तिथे सवलत काम करते, कारण पावसातला गोवा कोणाला नको असतो असे नाही. ‘एवढ्यात होत असेल तर जाऊन येऊ’ म्हणणारी माणसे घराघरांत असतात. महासाथीत तशी माणसे दाराबाहेर पडायलाच तयार नव्हती, आणि उरले होते ते सारे गरजवंत. गरजवंत दर पाहून प्रवास रद्द करत नाही, हे कंपनीला पक्के ठाऊक असते. यात मला नैतिक तक्रार करण्यासारखे काही दिसत नसले, तरी त्या गरजवंतांच्या जागी आपण असताना ते फार बोचते, हेही खरे आहे.

इंधन स्वस्त झाल्याचा फायदा तरी मिळायला हवा होता, असेही आपल्या मनात आले असेल. मे २०२०मध्ये दिल्लीत विमानाचे इंधन लिटरला साधारण साडेबावीस रुपयांवर आले होते. पंपावरचे पेट्रोल त्याच्या तिपटीने महाग होते. एरवी भारतीय कंपन्यांच्या खर्चात इंधनाचा वाटा चाळीस टक्क्यांच्या आसपास असतो, त्यामुळे हा दिलासा मोठा असायला हवा. पण इंधन उडणाऱ्या विमानाला लागते, आणि तेव्हा बहुतेक विमाने जमिनीवर होती. आपल्याकडची बहुसंख्य विमाने भाडेपट्ट्यावर घेतलेली असतात आणि ते भाडे डॉलरमध्ये चुकवावे लागते. विमान उभे असले म्हणून ते थांबत नाही. शिवाय विमान उभे करायला जागेचे शुल्क लागते आणि उभ्या विमानाचीही ठरावीक दिवसांनी तपासणी करावी लागते. हा सगळा खर्च त्या मोजक्या उडणाऱ्या फेऱ्यांतूनच निघायचा होता. मधली जागा रिकामी ठेवण्याचा आग्रह तेव्हा धरला जात होता. तो मान्य झाला, तर भाडी प्रदेशानुसार ४३ ते ५४ टक्क्यांनी वाढवावी लागतील, असे आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने म्हटले होते. (आपल्याकडे हा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला होता आणि न्यायालयाने जून २०२०मध्ये मधली जागा विकायला परवानगी दिली.)

मग दर कधी उतरतच नाहीत का? उतरतात, आणि त्याचे ठळक उदाहरण त्याच वर्षीच्या अमेरिकेत आहे. १४ एप्रिल २०२० रोजी तिथल्या सर्व विमानतळांवर मिळून सुमारे ८७ हजार प्रवाशांची सुरक्षा तपासणी झाली. आदल्या वर्षी त्याच सुमारास रोजचा आकडा बावीस लाखांच्या घरात होता. त्यानंतरच्या उन्हाळ्यात, म्हणजे जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत, देशांतर्गत सरासरी भाडे २४५ डॉलरच्या आसपास आले. आदल्या वर्षी ते साधारण साडेतीनशे डॉलर होते. अमेरिकेत किमान भाड्याची अट नव्हती. उलट, पगारासाठी सरकारी मदत घेणाऱ्या कंपन्यांनी ठरावीक शहरांची सेवा चालू ठेवावी, अशी अट सुरुवातीच्या महिन्यांत होती. म्हणजे भाजीवाल्याला रोज काही पेंढ्या उचलण्याची सक्ती होती, आणि माल आला की भाव पाडावाच लागतो.

तरीही आकड्यांचे प्रमाण पाहावे. त्या उन्हाळ्यात प्रवासी काहीसे परतले होते, पण त्यांची संख्या आदल्या वर्षीच्या निम्म्याहूनही कमी होती. भाडे मात्र सुमारे तीस टक्क्यांनीच उतरले. आणि या तीस टक्क्यांतही एक मेख आहे. विमानातल्या सगळ्या जागा एका दराच्या नसतात. कंपनी त्यांचे दहा-बारा दरांचे गट करते. या व्यवसायातली मराठी माणसेही त्यांना ‘बकेट’च म्हणतात. सर्वांत वरच्या गटातली तिकिटे बहुधा आयत्या वेळी कंपनीच्या खर्चाने प्रवास करणारे व्यावसायिक घेतात. २०२०मध्ये हे लोक घरून संगणकावर बैठका घेऊ लागले, आणि सरासरीतून महागडी तिकिटेच गळाली. एकाही गटाचा दर एक रुपयाने न बदलतासुद्धा सरासरी भाडे अशा रीतीने खाली येऊ शकते. त्यामुळे ‘सरासरी भाडे घटले’ ही बातमी वाचून ‘माझे तिकीट स्वस्त होईल’ असे समजणे धोक्याचे आहे.

११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतरही अमेरिकेत दोन्ही गोष्टी घडल्या होत्या. मोठ्या कंपन्यांनी उड्डाणे सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी केली, आणि उरलेली विमाने भरण्यासाठी सवलतीची तिकिटेही काढली. सरकारने पाच अब्ज डॉलरची थेट मदत आणि दहा अब्ज डॉलरपर्यंतच्या कर्जांना हमी दिली. तरीही ऑगस्ट २००२मध्ये यूएस एअरवेजने आणि डिसेंबरमध्ये युनायटेडने दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितले. मंदीतली स्वस्ताई कंपनीला किती महाग पडते, हे यातून दिसते. प्रवाशालाही ती पुढे महागात पडते, कारण कंपनी बुडाली की तिच्या जागा बाजारातून नाहीशा होतात. एप्रिल २०१९मध्ये जेट एअरवेजची विमाने थांबली तेव्हा मुंबईकरांनी त्याचा अनुभव घेतलाच आहे.

प्रश्न : विमान सुटायला दोन तास असताना चाळीस जागा रिकाम्या असतील, तर त्या हजार रुपयांना विकल्याने कंपनीचे काय बिघडते? जे मिळेल ते फायद्याचेच नाही का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : त्या एका विमानापुरता आपला हिशेब चोख आहे. आणखी चाळीस माणसे नेण्याचा जादा खर्च थोडासा इंधनाचा आणि थोडासा विमानतळावरच्या सेवेचा, बाकी सगळी मिळकतच. पण तिकिटे रोज विकायची असतात. शेवटच्या दोन तासांत हजारात जागा मिळते हे एकदा कळले, की आज तीन आठवडे आधी ४,५०० रुपये भरणारा प्रवासी पुढच्या वेळी थांबून पाहील, आणि कंपनी चाळीस जागांचे चाळीस हजार मिळवताना उरलेल्या एकशेचाळीस जागांचे उत्पन्न घालवून बसेल.

शिवाय शेवटच्या दोन तासांत तिकीट काढतो कोण? ज्याच्या घरी कोणी अत्यवस्थ आहे तो, किंवा ज्याला साहेबाने आत्ताच्या आत्ता निघायला सांगितले आहे तो. मंडईत संध्याकाळी उशिरा येणारा माणूस स्वस्त भाजीच्या शोधात असतो. विमानतळावर उशिरा येणारा माणूस अडलेला असतो. म्हणून मंडईत भाव संध्याकाळी उतरतो आणि विमानात तो शेवटी चढतो.

प्रश्न : मे २०२०मध्ये आई-वडील आमच्याकडे अडकले होते. जगभर विमाने रिकामी असताना भारतात परतण्याच्या सरकारी विमानाचे भाडे माणशी एक लाख रुपये होते. ही मदत म्हणायची की व्यापार? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : वंदे भारत मोहिमेची उड्डाणे ७ मे २०२०पासून सुरू झाली, आणि तिकिटाचे पैसे प्रवाशांनीच द्यायचे, असे सरकारने आधीच जाहीर केले होते. अमेरिकेहून सुमारे एक लाख, लंडनहून पन्नास हजार आणि ढाक्याहून बारा हजार रुपये, असे सुरुवातीचे दर होते. ते जास्त वाटण्याचे कारण म्हणजे ही एकतर्फी वाहतूक होती. येताना विमान भरलेले असे, पण जाताना ते जवळपास रिकामे जाई, आणि दोन्ही बाजूंचा खर्च येणाऱ्यांच्या तिकिटात बसवावा लागे. मदत आणि व्यापार या दोहोंच्या मधली ती गोष्ट होती, असे मी म्हणेन. वयोवृद्धांसाठी आणि नोकरी गेलेल्यांसाठी तरी सरकारने काही भार उचलायला हवा होता, हे माझे वैयक्तिक मत.

मागणीला दिशा असते, हा मुद्दा यात महत्त्वाचा आहे. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये पर्यटकांवर हल्ला झाला. मृतांमध्ये डोंबिवली, पुणे आणि पनवेलचे पर्यटकही होते. दुसऱ्याच दिवशी श्रीनगरला जाणाऱ्यांनी तिकिटे रद्द करण्याचा सपाटा लावला आणि श्रीनगरहून निघणाऱ्यांची झुंबड उडाली. तेच विमान, तोच मार्ग. जाताना ओस आणि येताना जागा नाही. दर ठरवणारी संगणकप्रणाली जागा किती वेगाने संपत आहेत ते पाहते, त्या का संपत आहेत हे तिला समजत नाही. त्यामुळे परतीची भाडी आवाक्यात ठेवण्याची सूचना मंत्रालयाला करावी लागली, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जादा उड्डाणे सोडण्यास आणि रद्द करण्याचे शुल्क माफ करण्यास सांगितले, आणि महाराष्ट्र सरकारनेही आपल्या पर्यटकांसाठी खास विमानांची सोय केली.

प्रश्न : मी तिकीट काढल्यानंतर दर उतरला, तर फरक परत मिळतो का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : आपोआप मिळत नाही. जुने तिकीट रद्द करून नवे काढावे लागते, आणि रद्द करण्याचे शुल्क वजा जाता काही हाती लागते का, ते आधी पाहावे. स्वस्तातल्या तिकिटांवर बहुधा काही लागत नाही. मात्र रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेहून जास्त घेता येत नाही, असा महासंचालनालयाचा नियम आहे.

उड्डाणच रद्द झाले तर गोष्ट वेगळी. टाळेबंदीतल्या तिकिटांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी निकाल दिला. टाळेबंदीच्या काळात, त्याच काळातल्या प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांचे पूर्ण पैसे परत करावेत, आणि आधी काढलेल्या तिकिटांचे पैसे पंधरा दिवसांत द्यावेत. आर्थिक अडचणीमुळे ते शक्य नसेल तर तेवढी रक्कम ३१ मार्च २०२१पर्यंत वापरता येईल अशी प्रवाशाच्या नावे जमा ठेवावी, असे त्यात होते. या जमा रकमेत दरमहा थोडी वाढही देण्यास सांगितले होते.

एक बारीकशी गोष्ट बहुतेक प्रवासी सोडून देतात. तिकिटावर ‘परतावा नाही’ असे छापलेले असले, तरी ते रद्द केल्यावर किंवा प्रवासच न केल्यास सरकारी कर आणि विमानतळ विकास, वापर व प्रवासी सेवा यांची शुल्के परत मागता येतात. स्वस्त तिकिटात हा वाटा बऱ्याचदा काही शे रुपयांचा असतो, आणि तो मागितल्याशिवाय कोणी आठवण करून देईलच असे नाही.